नागपूरच्या हवेत घरचे जुने फोटो कसे टिकवायचे

आमच्याकडे आबाजींचे दोन फोटो होते, एकाच दिवशी एकाच स्टुडिओत काढलेले. एक मोठा करून फ्रेम करून बैठकीत टांगला, आणि दुसरा पोस्टकार्डाएवढा, तो आजीच्या लोखंडी पेटीत शालूच्या खाली वहीच्या पानात गुंडाळून पडून होता. साठ वर्षांनी बघितलं तर बैठकीतल्या फोटोत आबाजींचा डावा गाल काचेला चिकटलेला, खालून तपकिरी डाग वर चढलेले, आणि पेटीतल्या फोटोत त्यांच्या कोटाच्या बटणाचा दोरासुद्धा स्पष्ट दिसतो. ज्या फोटोला रोज उदबत्ती लागली, हार घातला, सर्वपित्रीला पुसून-बिसून कुंकू लावलं तो गेला, आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही तो राहिला. मला तेव्हा खरंच खूप लागलं ते. तेव्हापासून गेली सहा-सात वर्षं मी सासर-माहेर दोन्हीकडचे फोटो सोडवून, साफ करून, स्कॅन करून ठेवून राहिले आहे, आणि आता नात्यातले लोक पिशव्या भरभरून आणून देतात. जे कळलं ते सगळं इथे लिहिते, खास करून नागपूरकरांसाठी, कारण आपल्याकडची हवा वेगळी आहे आणि नेटवरचे बरेच सल्ले थंड देशातल्या घरांसाठी लिहिलेले असतात.

आधी फोटो म्हणजे काय ते समजून घ्या

जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे कागद, त्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे बारीक कण. खरी चांदी. म्हणून देव्हाऱ्यातली चांदीची वाटी जशी काळी पडते तसंच फोटोतल्या चांदीलाही होतं, ओलावा आणि धूर लागला की ती हळूहळू पृष्ठभागावर येते. जुन्या फोटोच्या गडद भागात, कडांजवळ, तिरपं धरलं की निळसर आरशासारखी चमक दिसते ना, ती हीच. ती घासून काढायची नाही, घासली की त्याच्यासोबत चित्रही जातं.

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, त्यामुळे बुरशी आणि कसर दोघांनाही ते आवडतं. ओल मिळाली की ते फुगतं आणि चिकट होतं, कोरडं पडलं की आकसतं आणि तडकतं. आबाजींचा गाल काचेला चिकटला तो यामुळेच.

कलर फोटोचं मात्र वेगळं आहे. त्यात शेवटी चांदी उरतच नाही, रंगद्रव्यं असतात तीन, आणि ती आपोआप उडतात. १९७० ते ८५ च्या आसपासचे लग्नाचे फोटो काढून बघा, बहुतेक सगळे लालसर-गुलाबी झालेले असतील, कारण त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारात ठेवला तरी उडत जातो. म्हणजे आजीच्या काळातला काळा-पांढरा फोटो आईच्या लग्नाच्या कलर फोटोपेक्षा जास्त टिकाऊ आहे. लोकांना वाटतं सगळ्यात जुने आधी स्कॅन करावे, माझं म्हणणं उलट आहे, आधी ७०-८० च्या दशकातले कलर घ्या, ते रोज थोडे थोडे जाऊन राहिले आहेत.

आपली हवा आणि आपला कूलर

फोटोला पाहिजे असतो ३० ते ५० टक्के ओलावा, आणि तोही सारखा वरखाली न होणारा. आता नागपूर बघा. मे महिन्यात ४५ अंश, दुपारी हवेत ओलावा २० टक्क्यांच्या आसपास, फोटो पापडासारखे वळतात. मग जुलै-ऑगस्टात तोच ओलावा ८० च्या वर. एवढा झोका दरवर्षी, पन्नास-साठ वर्षं. आणि त्यात आपण उन्हाळाभर कूलर लावतो. बाहेर हवा कोरडी खट्ट आणि आत खोलीत कूलरचं ओलं वारं, थेट समोरच्या भिंतीवर, जिथे बरोबर घरच्या मोठ्या माणसांचे फोटो लावलेले असतात. मी सात-आठ घरांत तरी हे पाहिलं, कूलरच्या समोरचे फोटो चिकटलेले किंवा बुरशी आलेले, आणि बाजूच्या भिंतीवरचे बरे. आमच्या बैठकीतही कूलरची खिडकी फोटोच्या अगदी समोर होती, १९८० पासून. तेव्हा पहिलं काम आजच करा, कूलरच्या वाऱ्यातल्या भिंतीवरचे फोटो हलवा. पैसे लागत नाहीत त्याला.

ठेवायचे कुठे? घरातली सगळ्यात कंटाळवाणी जागा शोधा. आतल्या भिंतीला लागून असलेलं स्टीलचं कपाट, त्याचा मधला कप्पा. गोदरेजचं जुनं कपाट असेल तर उत्तम, लाकूड आणि प्लायवूडमधून वर्षानुवर्षं आम्लाच्या वाफा निघत राहतात, स्टीलमधून नाही. माळ्यावर ठेवू नका, वर स्लॅब तापतो आणि उन्हाळ्यात माळा म्हणजे भट्टीच. गच्चीखालच्या खोलीपेक्षा खालच्या मजल्यावरची खोली बरी, कारण तापमान साधारण पाच-सहा अंशांनी उतरलं तरी फोटोचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. पण खालचा मजला म्हणून दिवाणाच्या पेटीत टाकू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा सगळ्यात आधी भिजलं ते दिवाणातलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं. माझ्या एका मावसबहिणीचे चार अल्बम त्यात गेले, त्यातले किती वाचले ते पुढे सांगते.

एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, घेऊन कपाटात ठेवा, चार-पाचशे रुपयांत येतो, आणि मग अंदाजाने काही करावं लागत नाही. आमच्या कपाटात पावसाळ्यात ६८ दाखवायचा. ६५ च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी धरते, म्हणून मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला लागले. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये किंवा कढईत मंद आचेवर तापवले की परत कामाला येतात. दिवाळी झाली की पुड्या काढून टाकायच्या, उन्हाळ्यात अजिबात नको, तेव्हा हवा आधीच कोरडी असते.

आणि पेटी उघडायची, फोटो हाताळायचे, अल्बम सोडवायचे ते काम दिवाळी ते होळी या काळात करा. भर पावसाळ्यात जिलेटिन मऊ असतं, बोटांचे ठसे उमटतात, आणि मे महिन्यात ते इतकं कडक असतं की वळलेला फोटो सरळ करायला गेलं की मधोमध तडा जातो. हे मी स्वतः करून बसले आहे, आमच्या आत्याच्या साखरपुड्याचा फोटो होता, अजून हळहळ वाटते.

पेटी उघडल्यावर

टेबलावर स्वच्छ सुती चादर अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम-तेल काही नको, आणि फोटो कडेने धरा. जवळ पाणी, चहा ठेवायचा नाही, पंखा बंद. धूळ काढायला वॉटरकलरचा मऊ ब्रश, मधून बाहेरच्या बाजूला, हलक्या हाताने. ओला कपडा नाही, कोलीन नाही, खोडरबर नाही. इतकंच.

रबरबँड, टाचण्या, यू-पिना, स्टेपल काढून टाका. रबरात गंधक असतं आणि गंधक चांदीचा शत्रू आहे, ज्या गठ्ठ्याला रबर लावलेलं होतं तिथे बरोबर तेवढीच पट्टी पिवळी पडलेली दिसेल. सेलोटेप निघत असेल तरच काढा, नाहीतर राहू द्या. दोन फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, बाजूला ठेवा.

डांबरगोळ्या टाकून ठेवलेल्या असतील तर त्या आधी बाहेर. आपल्या आयांनी चांगल्या मनाने टाकल्या, पण त्याच्या वाफा फोटोला आणि प्लास्टिकला दोन्हीला वाईट. कडुलिंबाचा पाला धान्यात ठीक आहे, फोटोत नको, डाग पडतात. कसर आणि वाळवीसाठी खरा उपाय म्हणजे कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून उंच, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडून बघणं.

निगेटिव्ह सापडल्या तर जपून, लोक त्या फेकून देतात आणि फोटो ठेवतात, खरं तर निगेटिव्ह म्हणजे मूळ. नाक लावून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिचा प्लास्टिकचा पाया सडायला लागला आहे, आणि तिच्या वाफेने शेजारच्याही सडतात, म्हणून ती वेगळी काढून कागदी पाकिटात ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. उष्णतेने हे सडणं जोरात होतं, म्हणजे माळ्यावरच्या निगेटिव्ह सगळ्यात धोक्यात.

आता एक गोष्ट जी मला फार आवडते. फोटो कधीचा आहे हे बऱ्याचदा तोच सांगतो. स्टुडिओच्या पुठ्ठ्यावर खाली नागपूर, सी.पी. असं छापलेलं असेल तर तो पुठ्ठा १९५० च्या आधीचा, कारण तोपर्यंत आपण सेंट्रल प्रोव्हिन्सेसमध्ये होतो. नागपूर, एम.पी. असेल तर १९५० ते ५६, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हे आताच्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. स्टुडिओवाल्यांनी जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरले असतील म्हणून एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरायची. पाकिटावर सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचं. मागे इंदू असं छापलं असेल तर तो उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कागद, म्हणजे १९६० च्या दशकाच्या आधीचा नाही. छोटे चौकोनी सव्वादोन इंची फोटो असतील तर ते बहुतेक आगफाच्या क्लिक थ्री सारख्या बॉक्स कॅमेऱ्यातले, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि घरातलेच कोणी तरी काढलेले. म्हणून त्यात माणसं हसताना दिसतात, स्टुडिओतल्या फोटोंत कोणी हसत नाही.

अल्बमचं काय करायचं

काळ्या कागदाचे, कोपऱ्यांत तिकोनी अडकवलेले जुने अल्बम असतील तर ते मोडू नका. काळा कागद काही फार चांगला नसतो पण आजीने ज्या क्रमाने फोटो लावले तो क्रम स्वतः एक माहिती आहे, कोणाच्या शेजारी कोण बसलं, कोणतं पान रिकामं ठेवलं. आमच्या अल्बममध्ये एका पानावर चार कोपरे लावलेले आणि फोटो नाही, आणि त्यावरूनच मोठ्या आईला आठवलं की तिथे धाकट्या काकांचा फोटो होता जे लहानपणी देवीने गेले, आणि पणजीने तो काढून स्वतःजवळ ठेवला होता. फोटो सुटे करून नवीन अल्बममध्ये घातले असते तर ही गोष्ट कायमची गेली असती. असा अल्बम पूर्ण, पानं जशी आहेत तशी, आधी मोबाइलने टिपून घ्या, मग प्रत्येक दोन पानांमध्ये ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, टिश्यू पेपर घाला, आडवा ठेवा, बस.

८०-९० च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम मात्र सोडवायलाच पाहिजे. पानावर गोंदाच्या रेघा आणि वरून प्लास्टिकचा पडदा असतो ते. गोंद कागदात शिरतो, पिवळा पडतो आणि फोटो असा धरून ठेवतो की ओढला तर फाटतो. त्यासाठी दात साफ करायचा साधा धागा, मेण नसलेला, मेडिकलमध्ये मिळतो, तो फोटोच्या कोपऱ्यातून मागे घालून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. एका पानाला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. धागा अडला तर थांबा, दुसऱ्या कोपऱ्यातून या, आणि तरीही निघाला नाही तर जोर लावू नका, पडदा उचलून आहे त्या जागीच स्कॅन करा.

आणि लॅमिनेशन, कृपा करून करू नका. मामांनी हौसेने त्यांच्या आईवडिलांचा एकुलता एक फोटो एका दुकानात देऊन लॅमिनेट करून आणला, गरम रोलरमधून. आता तो प्लास्टिक उघडायचा काहीच मार्ग नाही, आत बुडबुडे आलेत, आणि फोटो त्या प्लास्टिकसोबतच पिवळा होत चाललाय. मामांना बोलले नाही मी काही, त्यांनी प्रेमानेच केलं होतं.

कशात ठेवायचं

प्रत्येक फोटो वेगळ्या पाकिटात. सीताबर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात विचारा, ॲसिड-फ्री लिहिलेला कागद घ्या आणि घरीच घडी घालून पाकिटं करा, मी तसंच करते, गोंद लावायचाच नाही. वर्तमानपत्र, खाकी पाकीट, वहीची पानं नको (आजीच्या वहीच्या पानाने आबाजींच्या फोटोच्या मागे डाग पाडलाच होता, पुढून वाचला हे नशीब).

प्लास्टिक वापरायचं तर खाली त्रिकोणातला आकडा बघा. १ आणि ५ चालतात, म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलिन. ३ म्हणजे पीव्हीसी, त्याला नवीन रेनकोटसारखा वास येतो, ते फोटोजवळ सुद्धा आणू नका. पण आपल्या पावसाळ्याचा विचार करता मी बहुतेक कागदच वापरते, प्लास्टिकमध्ये ओल अडकली की बाहेर पडायला जागा नसते. जे फोटो फार हाताळले जातात, पोरांना दाखवायचे असतात, तेवढे फक्त प्लास्टिकमध्ये.

भिंतीवरचे

माझं स्पष्ट मत आहे, भिंतीवर कॉपी लावा, मूळ फोटो कपाटात. घरात पहिल्यांदा हे बोलले तेव्हा सासूबाईंना आवडलं नाही, म्हणाल्या खोट्या फोटोला हार कसा घालायचा. मग मी त्यांना फ्रेम उलटी करून मागचं दाखवलं. मागे प्लायवूड लावलेलं, त्याच्या गाठीचा डाग कागदातून पुढे येऊन बरोबर त्यांच्या सासऱ्यांच्या खांद्यावर उमटलेला. ताज्या फुलांच्या हाराचं पाणी फ्रेमच्या खाचेत उतरतं आणि तिथून वर चढतं, उदबत्तीचा धूर मागच्या फटीतून आत जातो, ओल्या फडक्याने काच पुसली की खालच्या कडेने पाणी आत. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, काढ मग. चांगल्या मॅट कागदावर कॉपी काढून त्याच फ्रेममध्ये लावली, आता त्या कॉपीला रोज हार असतो आणि कोणालाच काही वाटत नाही.

मूळच लावायचा असेल तर काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याचा माउंट पाहिजेच, म्हणजे फोटो काचेला टेकणार नाही. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्डऐवजी ॲसिड-फ्री बोर्ड. भिंत बाहेरची नको, ओल येते. आणि ऊन पडेल अशी तर मुळीच नको.

काचेला आधीच चिकटलेला असेल तर काचेवरूनच स्कॅन करून घ्या आणि फ्रेममधून काढल्यावर काच आणि फोटो सोबतच ठेवा. फारच महत्त्वाचा असेल तर तज्ज्ञाकडे द्या, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, लखनऊला जुन्या वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा (एनआरएलसी) आहे, तिथे विचारणा करता येते. घरी वाफ देऊन, पाण्यात बुडवून सोडवायचे व्हिडिओ असतात, एकुलत्या एका फोटोवर ते प्रयोग करू नका.

नावं

फोटोच्या आधी नाव जातं. आमच्या पेटीत उत्तम स्थितीतले, एक डाग नसलेले फोटो निघाले आणि त्यातली माणसं कोण हे सांगणारं कोणी नाही. म्हणून स्कॅनर घ्यायच्या आधी, पाकिटं करायच्या आधी, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. दुपारी जेवण झाल्यावर, एका वेळी दहा-बाराच फोटो, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून बाजूला ठेवा आणि हे कोण असं विचारू नका, काय चाललंय इथे असं विचारा, म्हणजे माणसं बोलतात.

माझ्या मैत्रिणीच्या घरी एक फोटो होता, पाच-सहा बाया आणि दोन माणसं, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मागे नुसतं मैदान. घरच्यांना वाटायचं कोणाच्या तरी मयतीचा असेल म्हणून तो कधी बाहेर काढलाच नाही. तिच्या आजीला दाखवला, त्या तेव्हा ८६ च्या होत्या, तर त्या एकदम उठूनच बसल्या. १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षाभूमी. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या दिवशी हे सगळे पांढरे कपडे घालून कामठीहून पायी आले होते आणि त्यातली सगळ्यात टोकाची पोरगी म्हणजे त्या स्वतः. प्रत्येकाचं नाव सांगितलं त्यांनी, कोणाच्या पायाला फोड आले होते ते सुद्धा. त्यानंतर दीड वर्षात आजी गेल्या. तो फोटो आता त्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे, आणि त्या दुपारी विचारलं नसतं तर तो अजूनही मयतीचाच फोटो राहिला असता.

लिहायचं कसं, तर मऊ पेन्सिलने, ४बी किंवा ६बी, मागच्या बाजूला, कडेला, फोटो कडक सपाट जागी उलटा ठेवून, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि स्केचपेनची शाई पुढे झिरपते. ७० नंतरच्या फोटोंचा मागचा भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा, आणि तेही फोटो आत घालायच्या आधी. नुसतं आजी, काका असं लिहू नका, कोणाची आजी हे पन्नास वर्षांनी कोणाला कळणार नाही. पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, अंदाजे साल, आणि कोणी सांगितलं ते.

स्कॅनिंग

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा, स्कॅनर मिळाला तर तोच वापरा. पोस्टकार्ड आणि त्याहून लहान फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात इतके ठिपके), सव्वादोन इंची चौकोनी असतील तर १२०० वर, मोठे ३०० वर चालतात. निगेटिव्हला २४०० च्या वर. काळा-पांढरा असला तरी कलर मोडमध्येच स्कॅन करा, कागदाचा रंग, डाग, शाई सगळं येतं. मूळ फाइल टिफमध्ये, पाठवायला जेपेग. मागची बाजू पण स्कॅन करा, तिथेच शिक्के आणि अक्षर असतं. स्कॅनरची काच दर दहा फोटोंनंतर पुसा.

मोबाइलनेच करायचं तर खिडकीजवळ सावलीत, फ्लॅश बंद, फोटो आणि मोबाइल अगदी समांतर. गूगलचं फोटोस्कॅन ॲप चमक बरीच काढून टाकतं. फाइलला नाव देताना साल आधी, मग गाव, मग माणसं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो बारीक होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरच्या ग्रुपवर आलेला फोटो हाच आता मूळ समजून लोक बसतात आणि त्याचंच प्रिंट काढायला जातात, मग चेहरे पुसट येतात. तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात. आमच्या एका हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि एक पुण्याला भावाकडे. २००० नंतरच्या लॅबवाल्यांनी दिलेल्या सीडी असतील तर आजच कॉपी करा, अशा राइट केलेल्या सीडी फार टिकत नाहीत.

जुना चेहरा चकचकीत करून देणारी ॲपं हल्ली सगळे वापरतात. पाहायला छान वाटतं, पण ते डोळे, ते दात त्या माणसाचे नसतात, मशीनने अंदाजाने बसवलेले असतात. माझ्या आईने तिच्या आईचा तसा केलेला फोटो पाहिला आणि म्हणाली, ही कोण? करायचं तर करा, पण फाइलच्या नावात लिहा आणि मूळ स्कॅनला हात लावू नका.

भिजले तर

मावसबहिणीच्या चार अल्बमांची गोष्ट. पाणी उतरल्यावर तिने घाबरून ते सगळे उन्हात वाळत घातले, पानं मिटलेली तशीच. दोन अल्बम त्यात विटेसारखे एक झाले. उरलेले दोन ओलेच होते तोवर तिने मला फोन केला.

ओले फोटो एकमेकांवर वाळू द्यायचे नाहीत, हे एवढं डोक्यात ठेवा. बुरशी साधारण ४८ तासांत धरते, तेवढा वेळ हातात. फोटो वेगळे करा, चिखल असेल तर स्वच्छ थंड पाण्याच्या टबमध्ये हलवून धुवा, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, पाणी बदलत राहा. मग सुती कपड्यावर किंवा डाग न सोडणाऱ्या कोऱ्या कागदावर, चित्र वर करून, सावलीत, पंखा लांब ठेवून वाळवा. ऊन नाही, इस्त्री नाही, हेअर ड्रायर नाही. वळले तर वळू द्या. फ्रेममधले ओले असतानाच काचेपासून वेगळे करा, एकदा वाळले की संपलं. खूप जास्त असतील आणि एका दिवसात होणार नसतील तर प्रत्येकामध्ये बटर पेपर घालून पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतर थोडे थोडे काढा. काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह, म्हणजे प्लेटा, मात्र फ्रीझरमध्ये घालायच्या नाहीत, त्या फुटतात.

त्या दोन अल्बमांतले १४० च्या वर फोटो वाचले. तिच्या ओट्यावर, पलंगावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, सगळीकडे जुन्या साड्या अंथरून आम्ही फोटो पसरले होते आणि शेजारची पोट्टी प्रत्येक फोटोजवळ बसून विचारत होती हे कोण, ते कोण, तर तिथेच बरीच नावं लिहून झाली.

आमच्या पेटीत मात्र अजून ११ फोटो असे आहेत ज्यांना नाव नाही. त्यातला एक सी.पी. छापलेल्या पुठ्ठ्यावरचा आहे, एक बाई खुर्चीवर बसली आहे, नऊवारी, हातात बंद केलेली छत्री, आणि बाजूला अनवाणी उभी असलेली एक मुलगी. वर्ध्याला एक मोठी आई आहेत, ९१ वर्षांच्या, नजर कमी झाली आहे पण आठवण पक्की. फोटो मोठा करून प्रिंट काढून ठेवला आहे, संक्रांतीला घेऊन जाते आहे.